विश्लेषण : गांधीबागेचे व्हेक्टर चित्र व्हिडीओ गेमचा नकाशा कसे होते?

लग्नपत्रिका, फ्लेक्स, दुकानाची पाटी, कापडावरची नक्षी. नागपूरच्या गांधीबाग-इतवारी भागात अशी कामे करणाऱ्यांच्या संगणकात व्हेक्टर फाइल्सचा ढीग असतो. याच पद्धतीने काढलेल्या गल्लीच्या चित्रातून खेळता येईल असा नकाशा तयार करता येतो. त्यासाठी लागणारी मुख्य सॉफ्टवेअर मोफत आहेत. मात्र चित्र डोळ्यांसाठी असते आणि नकाशा खेळाडूच्या पायांसाठी. खरे काम तिथेच आहे.

व्हेक्टर चित्र म्हणजे काय?

मोबाइलवर काढलेला फोटो रंगीत ठिपक्यांचा बनलेला असतो. तो फार मोठा केला की फाटतो. व्हेक्टर फाइलमध्ये बिंदू, रेषा आणि वक्र आकड्यांच्या रूपात साठवलेले असतात. त्यामुळे एकच चिन्ह व्हिजिटिंग कार्डावर आणि मोठ्या फ्लेक्सवर सारखेच स्वच्छ छापले जाते. ‘एसव्हीजी’ हा त्याचा खुला प्रकार २००१ मध्ये प्रमाणित झाला. कोरल ड्रॉ आणि मोफत मिळणारे इंकस्केप या दोन्हींतून तो काढता येतो.

मग चित्र थेट गेममध्ये का चालत नाही?

गेमला रंगसंगती नको असते. भिंत कोणती, रस्ता कोणता, हे त्याला कळावे लागते. १९९३ च्या ‘डूम’ या गाजलेल्या गेमचा नकाशा बिंदू, सरळ रेषा आणि त्यांनी वेढलेले भाग यांचाच होता. प्रत्येक भागाला जमिनीची आणि छताची उंची दिलेली असे. वक्र रेषेला तिथे जागाच नव्हती. आजही गोल कारंजे गेममध्ये न्यायचे तर बहुधा त्याचे अनेक छोट्या सरळ तुकड्यांत रूपांतर होते. इमारतीच्या बाह्यरेषेत केसाएवढी फट राहिली तर छापील चित्रात ती दिसत नाही. गेममध्ये मात्र तो आकार बंद होत नाही आणि भिंत किंवा छत नीट उभे राहत नाही.

काम कोणत्या क्रमाने करावे?

१. मूळ फाइलची प्रत घ्या. इमारती, रस्ते, झाडे वेगवेगळ्या लेयरवर ठेवा.
२. सावल्या आणि सजावट काढून टाका. अक्षरे व जाड रेषा ‘पाथ’मध्ये बदला.
३. उघडी टोके जोडा. एकावर एक पडलेल्या दुहेरी रेषा पुसा.
४. एसव्हीजी फाइल ब्लेंडरमध्ये उघडा. आकारांना उंची देऊन त्यांचे ‘मेश’ करा.
५. तयार मॉडेल गोडोसारख्या गेम इंजिनमध्ये नेऊन भिंतींना ‘कोलिजन’ लावा. नाहीतर खेळाडू भिंतीतून आरपार जाईल.

सर्वाधिक चूक कुठे होते?

मापात. एसव्हीजीतील एकक म्हणजे मीटर नव्हे. ब्लेंडरमध्ये चित्र बहुतेक वेळा अगदी चिमुकले येते. म्हणून एक खरे अंतर टेपने मोजून ठेवावे. दुकानाची रुंदी १० फूट असेल तर मॉडेलमध्ये ती सुमारे ३.०५ मीटर भरली पाहिजे. माइनक्राफ्टमध्ये एक ठोकळा एक मीटरचा धरला जातो. त्यामुळे अडीच मीटरचा बोळ तिथे दोन किंवा तीन ठोकळ्यांचा होतो. जुन्या वस्तीत एवढ्या फरकाने गल्लीचे रूपच पालटते.

मूळ नकाशा कुठून घ्यावा?

ओपनस्ट्रीटमॅपची माहिती मुळातच व्हेक्टर असून श्रेय देऊन ती वापरता येते. ‘अर्निस’ हे मोफत सॉफ्टवेअर त्याच माहितीवरून माइनक्राफ्टचे जग उभे करते. खासगी कंपनीच्या ऑनलाइन नकाशाचा स्क्रीनशॉट गिरवण्याआधी तिच्या अटी वाचाव्यात. केंद्र सरकारच्या १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार भारतीयांना नकाशे तयार करण्यासाठी पूर्वपरवानगी लागत नाही. काही संवेदनशील बाबी दाखवण्यावर मात्र मर्यादा आहेत.

याचा उपयोग फक्त खेळण्यापुरताच?

नाही. माइनक्राफ्ट बनवणारी मोजांग कंपनी आणि संयुक्त राष्ट्रांची यूएन-हॅबिटॅट यांनी २०१२ मध्ये ‘ब्लॉक बाय ब्लॉक’ उपक्रम सुरू केला. नैरोबीच्या किबेरा वस्तीतील मोकळ्या जागेपासून त्याची सुरुवात झाली. पुढे मुंबईतही ही पद्धत वापरली गेली. कागदी आराखडा न वाचता येणारे रहिवासी गेममध्ये फिरून आपले मत सांगू शकतात, हा त्यामागचा विचार.

गांधीबागेसारख्या घाऊक कापड बाजारात हातगाडी कुठे थांबावी, गठ्ठे कुठे उतरवावेत, दुचाकी कुठे लावावी, हे रोजचे प्रश्न आहेत. दुकानदार, हमाल आणि ग्राहकांनी एकाच नकाशात फिरून पाहिले तर कोणाची अडचण कुठे होते ते सगळ्यांना दिसेल.

नकाशा बरोबर झाला का, हे तपासायला नागपूरकरांकडे घरचीच कसोटी आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मध्य नागपुरातून मारबतींची मिरवणूक निघते. खऱ्या रस्त्यावरून जाणारी मारबत तुमच्या नकाशातल्या त्याच रस्त्यावर अडकत असेल, तर ब्लेंडरकडे परत जा आणि माप पुन्हा तपासा.