पद्मिनीचं आतलं काम

पद्मिनीचं, म्हणजे जुन्या फियाटचं, इंजिन बांधणारे मिस्त्री मुंबई-पुण्यात अजून भेटतात. पत्र्याला हात घालणारे डेंटरही आहेत. गाडी अडते ती आतल्या कामाला. रूफ लायनिंग, डोअर पॅड, सीट कव्हर, दरवाजाभोवतीचं बीडिंग हे सगळं आज नवं बनवून मिळतं, पण धड बसत नाही. पॅडची कड खिडकीखालच्या पट्टीपर्यंत पोचत नाही, क्लिपची भोकं पत्र्यातल्या भोकांसमोर येत नाहीत, लायनिंगला मागच्या काचेपाशी सुरकुत्या पडतात. मालक पार्टला नावं ठेवतो आणि कुशनवाला कात्री उचलतो. कात्री लावण्याआधी चूक पार्टची की गाडीची, हे ठरवायलाच हवं.

नवा पार्ट बहुधा जुन्या नमुन्यावरून बनतो, आणि जुना नमुना स्वतःच मापात उरलेला नसतो. रेक्झिन वर्षानुवर्षांच्या उन्हाने आकसतं, रबर कडक होऊन तोकडं पडतं, डोअर पॅडमागचा हार्डबोर्ड मुंबईची दमट हवा पिऊन फुगतो. त्यावरून काढलेला साचा ही सगळी विकृती इमानाने उचलतो. साच्यात ओतलेलं प्लॅस्टिकही निवताना आक्रसतं. एबीएससारख्या प्लॅस्टिकमध्ये ही घट साधारण अर्धा टक्का असते. साचा करणाऱ्याने ती धरली नसेल, तर मीटरभर लांबीच्या पट्टीत 5 मिलिमीटर गेले.

मॉडेलचा घोळ वेगळाच. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाट 1100 चा वंश पन्नासच्या दशकापासून चार दशकांहून जास्त काळ चालवला. सुरुवातीच्या, ‘डुक्कर फियाट’ म्हणवल्या जाणाऱ्या गाडीचे पुढचे दरवाजे उलटे उघडायचे, नंतरच्या डिलाइटचे सरळ. पुढे गाडी प्रेसिडेंट झाली, 1974 पासून पद्मिनी. स्टिअरिंगपाशी असलेला गिअरचा दांडा नंतरच्या गाड्यांत खाली आला. दुकानात मात्र या सगळ्यांसाठी एकच शब्द चालतो, ‘फियाटचा पार्ट’. वर्ष आणि जुना तुकडा हातात न घेता गेलात आणि चुकीचा पार्ट मिळाला, तर दुकानदाराचा दोष नाही.

आणि कित्येकदा नवा पार्ट बरोबर असतो, गाडीच बदललेली असते. गंजलेला फ्लोअर कापून नवा पत्रा डकवला, दरवाजावर पुट्टीचा थर चढला, अपघातानंतर खांब ओढून सरळ केला, की आतली मापं सरकतात. डावा पॅड बसतो आणि उजवा बसत नाही, तेव्हा मी आधी दोन्ही दरवाजांचे कर्ण मोजायला सांगतो.

परदेशातही हे दुखणं आहे. ब्रिटिश मोटर हेरिटेजने 1988 मध्ये एमजीबी या जुन्या स्पोर्ट्स कारची पूर्ण बॉडी मूळ डायांवर पुन्हा बनवायला घेतली, त्यामुळे पत्र्याच्या मापाचा भरवसा आला; पण त्या बॉडीत बसणारं आतलं सामान वेगवेगळ्या कारखान्यांतून येतं. 17 एप्रिल 1964 ला बाजारात आलेल्या फोर्ड मस्टँगचं जवळजवळ सगळं आतलं सामान आज नवं विकत मिळतं, तरीही काच फिरवायच्या हँडलचं भोक जागेवर येईलच असं नाही.

बसवण्याच्या कामात खरा कस लागतो तो लायनिंगला. जुनं उतरवताना छतातल्या तारांच्या कमानींवर क्रमांक घालायचे, कारण प्रत्येकीचा बाक निराळा असतो. छतातल्या दिव्याची वायर आधी ओढून घ्यायची. पुढची-मागची काच उतरवलेली असेल तर उत्तम. बऱ्याच जुन्या गाड्यांत लायनिंगची कड काचेच्या रबराखाली जाते. कापड आधी नुसतं टांगून बघायचं, मध्यरेषा धरायची, पुढे-मागे ताणायचं आणि बाजू शेवटी. रेक्झिन तासभर उन्हात पसरलं की मऊ होतं, लागतं तेवढं सैल सुटतं आणि निवल्यावर आपोआप तंग बसतं. पावसाळ्यात हे काम काढूच नये. चिकटवायचं सोल्युशन उडताना गार पडलेल्या थरावर हवेतली ओल धरते आणि कड महिन्याभरात सुटते.

डोअर पॅडची भोकं दुकानातून पाडून आणू नयेत. दरवाजाच्या पत्र्यावर जाड कागद धरून भोकं, हँडल, कड उमटवून घ्यावी आणि त्यावरून पॅड कापावा, एका वेळी दोन मिलिमीटर. सीट तंग होत असेल तर कव्हरची शिवण उसवण्याआधी आतला फोम मोजा. मूळ सीटमध्ये स्प्रिंगांवर गोणपाट आणि काथ्या असेल, तर जाड फोम भरल्यावर मूळ मापाचं कव्हर पुरणार कसं? नव्या पार्टसाठी गाडीच्या पत्र्यात नवं भोक पाडणं मात्र मला कधीच मान्य होणार नाही. पॅड पुन्हा बनेल, तो पत्रा नाही.

2021 च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा खास नंबर दिला. मूळ रूप राखण्याची अट घालताना त्यात चासी, बॉडी आणि इंजिनाचा उल्लेख आहे. आतल्या कामाचा नाही. ते मालकावर सोडलंय. आणि मालकाचे आधार कमी होताहेत. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून ती 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. टॅक्सी होत्या तोवर या सामानाला रोजचं गिऱ्हाईक होतं. आता गिऱ्हाईक म्हणजे हौशी मालक, वर्षाला थोडेच. म्हणून उतरवलेला फाटका पॅड भंगारात देऊ नका. त्यावर गाडीचं वर्ष लिहा, कुठे किती आकसलाय किंवा फुगलाय ते पत्र्यावरून मोजा आणि तो आकड्यांसकट बनवणाऱ्याकडे पोचवा. त्याला साचा सुधारायला याहून चांगला नमुना मिळणार नाही.