लोहारशाळेतील जुनी हत्यारे

वापरलेली ऐरण, घण, सांडशी, छिन्नी इ. हत्यारे मिळविणे व पारखणे. लातूर जिल्ह्यातील देवणी हे नाव तेथील गोवंशामुळे परिचित आहे. बैलांच्या शेतीला लागणारे फाळ, वखराच्या पासा व गाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा हे पूर्वी मराठवाड्यातील बलुतेदार लोहाराचे मुख्य काम होते. ट्रॅक्टर व रबरी चाके आल्यावर ते घटले आणि बंद पडलेल्या लोहारशाळांतील हत्यारे मोडीत वजनावर जाऊ लागली. ती वितळण्यापूर्वी हेरावी लागतात.

सर्वांत काळजीपूर्वक पारखावयाची ती ऐरण. बेअरिंगमधील पोलादी छर्रा सु. २५ सेंमी. उंचीवरून तिच्या माथ्यावर सोडतात. चांगल्या ऐरणीवरून तो तीन चतुर्थांश वा अधिक उंची उसळतो. साध्या बिडाच्या ऐरणीवरून बराच कमी. जुन्या घडीव ऐरणीचा पोलादी माथा खालच्या लोखंडाला तापजोडाने बसविलेला असतो. एखाद्याच जागी नाद बद्द आला, तर तेथे तो सुटला असण्याचा संभव असतो. आगीत सापडलेल्या ऐरणीचे पाणी उतरते व कानस तिला सहज लागते. रंगविलेल्या ऐरणीपेक्षा गंजलेली बरी, कारण रंगाखाली भेगा लपतात. रुळाचा तुकडाही ऐरण म्हणून चालतो. मात्र तो पावतीनिशीच घ्यावा. चोरीचा असल्याचा वाजवी संशय येणारा रूळ बाळगणे रेल्वे संपत्ती (बेकायदेशीर कब्जा) अधिनियम, १९६६ अन्वये गुन्हा ठरू शकते.

डोके फुललेली छिन्नी घासल्याशिवाय वापरू नये. कपची उडून डोळा जाऊ शकतो. सांडशीची खीळ ढिली असली, तरी ती नवी ठोकता येते.