दीड हजार माणसांचा सण

दरवर्षी २६ ऑक्टोबरला नाउरू हा देश आपली लोकसंख्या दीड हजारावर पोचल्याचा सण साजरा करतो. १९२० च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत बेटावरची बरीच माणसं दगावली होती. वंश टिकवायचा तर किमान दीड हजार माणसं हवीत, असं तेव्हाच्या ऑस्ट्रेलियन प्रशासकाने सांगितलं. १९३२ मध्ये एका बाळाच्या जन्माने तो आकडा गाठला, आणि ‘अंगाम’ हा सण सुरू झाला.

विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेला पॅसिफिक महासागरात असलेलं हे बेट अवघं २१ चौरस किलोमीटरचं. व्हॅटिकन आणि मोनॅको सोडले तर याहून लहान देश जगात नाही. अधिकृत राजधानीही नाही. सरकारी कचेऱ्या यारेन भागात आहेत. किनाऱ्यालगतच्या रस्त्याने गाडी अर्ध्या तासात बेटाला फेरी मारते.

या बेटाचं नशीब एका दगडाने फिरवलं. सिडनीतल्या पॅसिफिक आयलंड्स कंपनीच्या कचेरीत दार आपटू नये म्हणून नाउरूहून आणलेला एक दगड लावून ठेवला होता. ते अश्मीभूत लाकूड असावं, अशी समजूत होती. अल्बर्ट एलिस या तरुण कर्मचाऱ्याला शंका आली, त्याने तपासणी केली, तर ते उत्तम प्रतीचं फॉस्फेट निघालं. नाउरू तेव्हा जर्मनीच्या ताब्यात होतं. १९०७ पासून इथून जहाजं भरून फॉस्फेट जाऊ लागलं. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने मिळून हा धंदा हातात घेतला. त्यांच्या शेतकऱ्यांना खत स्वस्तात मिळालं. नाउरूच्या लोकांच्या हाती पडली ती किरकोळ रॉयल्टी.

इथलं फॉस्फेट चुनखडीच्या सुळक्यांमधल्या फटींत भरलेलं असतं. आधी झाडी तोडायची, माती खरवडायची, मग यारीने फटीफटीतून ते उपसायचं. मागे उरतात नुसते करडे सुळके, काही पंधरा मीटरपर्यंत उंच. तिथे ना पेरता येतं, ना घर बांधता येतं. बेटाचा जवळपास ८० टक्के भाग असा झाला आहे.

दुसऱ्या महायुद्धात जपानने बेट घेतलं आणि १९४३ मध्ये सुमारे १,२०० नाउरूवासीयांना ट्रुक बेटांवर मजुरीसाठी नेलं. उपासमार आणि रोगराईतून ७३७ जण वाचले. ते मायदेशी परतले ३१ जानेवारी १९४६ ला. दीड हजारांचा आकडा पुन्हा गाठायला १९४९ उजाडलं. पुढे १९६८ मध्ये स्वातंत्र्य मिळालं, तेव्हा त्यासाठी ३१ जानेवारी हीच तारीख निवडली गेली.

त्याआधी ऑस्ट्रेलियाने सगळ्यांना क्वीन्सलंडजवळच्या कर्टिस बेटावर वसवायची तयारी दाखवली होती. तिथे स्वतंत्र राष्ट्र म्हणून राहता येणार नव्हतं, म्हणून १९६४ मध्ये हॅमर डीरोबर्ट यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी नकार दिला. तेच पुढे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

मग फॉस्फेटचा धंदा नाउरूच्या स्वतःच्या हातात आला आणि पैशाचा पूर आला. मेलबर्नमध्ये ५२ मजली नाउरू हाउस उभं राहिलं, स्वतःची विमानं उडू लागली, ओडिशातल्या पारादीप फॉस्फेट्समध्ये भारत सरकारबरोबर भागीदारी झाली. चुकीच्या गुंतवणुकींत आणि उधळपट्टीत यातलं बहुतेक बुडालं, हे खरं. पण नाउरूची गोष्ट नेहमी इथूनच सांगितली जाते, हा त्या लोकांवर अन्याय आहे. स्वातंत्र्यापूर्वीच बेटाची सुमारे एक तृतीयांश जमीन खणून झाली होती. त्याबद्दल नाउरूने १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. १९९३ मध्ये तडजोड होऊन ऑस्ट्रेलियाने १० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर द्यायचं मान्य केलं.

आज साधारण १२ हजार लोक मुख्यतः किनारपट्टीवर राहतात. घरं तिथे, विमानतळही तिथेच, आणि समुद्र चढतो आहे. म्हणून सरकारने वस्ती उंचावरच्या त्याच खणलेल्या पठारावर हलवायची योजना आखली आहे. त्यासाठी सुळके सपाट करून जमीन नव्याने तयार करावी लागेल. हा खर्च उभा करायला नाउरूने २०२५ मध्ये परदेशी लोकांना पैसे घेऊन आपलं नागरिकत्व देऊ केलं.