प्रोपिल अल्कोहोल
प्रोपिल अल्कोहोलचे दोन प्रकार आहेत. रेणूतील हायड्रॉक्सिल गट टोकाच्या कार्बनला जोडलेला असेल तर एन-प्रोपिल, मधल्या कार्बनला असेल तर आयसोप्रोपिल. वापर अधिक दुसऱ्याचाच. १९२० साली अमेरिकेतील स्टँडर्ड ऑइल कंपनीने खनिज तेलापासून मिळणाऱ्या प्रोपिलीन वायूवर सल्फ्युरिक आम्ल व पाण्याची क्रिया करून ते बनवले. पेट्रोरसायन उद्योगाचा प्रारंभ इथूनच मानतात. एन-प्रोपिल इथिलीनपासून मिळते व छपाईच्या शाईत द्रावक म्हणून जाते.

इंजेक्शनपूर्वी त्वचेवर फिरवल्या जाणाऱ्या बोळ्यात बहुधा ७० टक्के आयसोप्रोपिल असते. शुद्ध का नाही? ते चटकन उडून जाते आणि जंतूंची प्रथिने नासवण्यास थोडे पाणीही लागते. सॅनिटायझरमधील हेच द्रव्य पोटात गेल्यास मात्र घातक ठरते. यकृतात त्याचे अ‍ॅसिटोन होते.