चॅटबॉटची मराठी आणि शोधणाऱ्याची मराठी

संगणकाच्या साहाय्याने मजकूर लिहिण्याची प्रथा आता मराठीतही रूढ होऊ लागली आहे. कृषी सेवा केंद्रे, शेतकरी उत्पादक कंपन्या, महाविद्यालये, रुग्णालये या साऱ्यांना स्वतःची संकेतस्थळे हवी असतात. त्यांवरील मजकूर लिहिण्याचे काम अनेकदा भाषेच्या पदवीधरांकडे येते, आणि हे पदवीधर ते काम चॅटबॉटवर सोपवितात. मजकूर शोधयंत्रात वरच्या क्रमांकावर दिसावा यासाठी जी रचना करावी लागते तिला व्यवहारात ‘एसईओ’ म्हणतात. हे दोन्ही व्यवहार वरवर पाहता व्यापाराचे वाटतात. परंतु त्यांच्या मुळाशी असलेले प्रश्न भाषाशास्त्राचे आहेत. यवतमाळ जिल्ह्यातील कापूस उत्पादकाचे उदाहरण घेऊन त्यांचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. शोधयंत्र काय पाहते

शोधयंत्राचे कार्य तीन टप्प्यांत चालते. प्रथम ते संकेतस्थळांवरील पाने वाचून गोळा करते. नंतर त्यांतील शब्दांची सूची तयार करते. आणि कोणी प्रश्न विचारला म्हणजे त्या प्रश्नाशी जुळणारी पाने क्रमाने मांडते. क्रम लावताना शब्दांच्या जुळणीखेरीज इतर पानांनी दिलेले दुवे, मजकुराची विश्वसनीयता इत्यादी पुष्कळ गोष्टी विचारात घेतल्या जातात. कीवर्डची यादी पानात दडवून ठेवली की काम भागते, ही समजूत जुनी झाली. अशी दडविलेली यादी आपण क्रमवारीसाठी वापरीत नाही, हे गूगलने २००९ सालीच जाहीर केले आहे. तथापि शोधणाऱ्याचा शब्द आणि लिहिणाऱ्याचा शब्द यांची गाठ कोठे तरी पडावी लागते, हे तत्त्व अद्याप कायम आहे.

मराठीत ही गाठ पडण्याच्या वाटेवर तीन अडचणी आहेत.

पहिली अडचण सामान्यरूपाची. इंग्रजी नामाला शब्दयोगी शब्द लागताना मूळ नाम बदलत नाही. मराठीत ‘कापूस’ या शब्दाला प्रत्यय लागताच ‘कापसाला’, ‘कापसावर’, ‘कापसाचे’ अशी रूपे होतात. ‘भुईमूग’ असेल तर ‘भुईमुगाला’, ‘तूर’ असेल तर ‘तुरीवर’. दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो, क्वचित लोपतो. केवळ अक्षरांची जुळणी करणाऱ्या यंत्राला ‘कापूस’ आणि ‘कापसा-’ हे दोन निराळे शब्द होत.

दुसरी अडचण लिपीच्या संकेतांची. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातील ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकदा नुक्त्याचा ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह व हलन्त घेऊन, आणि एकदा साधा ‘र’, हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, यंत्राच्या दृष्टीने मात्र ती भिन्न चिन्हमालिका असतात. ‘ॲप’ या शब्दातील आद्य अक्षराचीही हीच कथा आहे; त्यासाठी स्वतंत्र चिन्ह २००८ साली आले, आणि त्यापूर्वीची जोडाक्षरी पद्धतही प्रचारात राहिली. मोठी शोधयंत्रे असे भेद पुष्कळदा सांभाळून घेतात. एखाद्या लहान संकेतस्थळाचा अंतर्गत शोध तसे करीलच असे नाही. ‘वऱ्हाड’ या नावातच हा संकेत दडलेला आहे, ही गोष्ट या भागातील लेखकाने विसरू नये.

तिसरी अडचण बोलीची, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. पश्चिम महाराष्ट्रात जिला ‘कोळपणी’ म्हणतात तिला विदर्भात ‘डवरणी’ म्हणतात. तिकडे ‘कुळव’, इकडे ‘वखर’. तिकडे ‘पाभर’, इकडे ‘तिफण’. शेत हे येथे ‘वावर’ असते, आणि कापसाचे झाड म्हणजे ‘पऱ्हाटी’. उच्चाराचा भेद निराळाच: वऱ्हाडीत ‘ळ’ चा ‘य’ होतो, म्हणून ‘अळी’ ची ‘अयी’ होते, चतुर्थीचा ‘ला’ हा ‘ले’ होतो. भ्रमणध्वनीत बोलून प्रश्न विचारण्याची सोय झाल्यापासून बोली थेट यंत्रापर्यंत पोहोचू लागली आहे. पूर्वी लिहिताना मनुष्य आपोआप प्रमाणभाषेकडे वळे. बोलताना तो तसा वळत नाही. ‘पऱ्हाटीले अयी लागली’ असे म्हणणाऱ्याला ‘कपाशीवरील किडींचे एकात्मिक व्यवस्थापन’ या मथळ्याचे पान सापडेलच, अशी खात्री कोणी देऊ नये.

२. चॅटबॉट कसा लिहितो

चॅटबॉट म्हणजे काय, याविषयी अद्याप बराच गैरसमज आहे. ‘चॅटजीपीटी’ ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांसाठी खुला झाला आणि त्याच जातीची इतर यंत्रे मागोमाग आली. या यंत्रांना अफाट मजकूर वाचावयास दिलेला असतो. त्यावरून, अमुक शब्दांनंतर कोणता शब्दांश येण्याचा संभव किती, याचे गणित ते शिकतात, आणि उत्तर देताना एकेक शब्दांश त्या गणिताने पुढे मांडीत जातात. दिलेला मजकूर ज्या भाषेत भरपूर असतो त्या भाषेत यंत्र सफाईने लिहिते. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लक्षांहून अधिक लोक होते; परंतु महाजालातील मजकुरात मराठीचा वाटा एक टक्क्याहूनही पुष्कळच कमी आहे. त्यातही वऱ्हाडी लेखन अत्यल्प, आणि आपल्याच जिल्ह्यातील कोलामी भाषेचे लेखन जवळजवळ नाही. एमेनो यांचा कोलामीवरील ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला, त्याला सात दशके लोटली. परंतु एका व्याकरणग्रंथावरून यंत्र भाषा शिकत नाही. त्याला बोलणाऱ्यांचे विपुल लेखन हवे असते.

यावरून चॅटबॉटच्या मराठीचे स्वरूप ध्यानात येईल. ती शुद्ध असते, पुष्कळदा सुबकही असते. मात्र ती कोणत्याही एका गावची नसते. छापील व अनुवादित मराठीची ती एक सरासरी असते. सरासरीत ‘आंतरमशागत’ येते, कदाचित ‘कोळपणी’ येते. ‘डवरणी’ मुद्दाम मागितल्याखेरीज सहसा येत नाही. याउलट प्रश्न नेहमी एका ठिकाणाहून, एका हंगामात, एका बोलीत विचारला जातो. मजकूर लिहिणाऱ्याचे खरे काम या दोहोंमधील अंतर भरून काढणे हे आहे.

३. सरासरी कोठे चालत नाही

शब्दाच्या बाबतीत सरासरी चालली नाही, तर फार तर पान सापडणार नाही. वस्तुस्थितीच्या बाबतीत ती चालली नाही, तर त्याची किंमत मोठी असते. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. शासनाने विशेष तपास पथक नेमले. पुरुषभर उंचीची वाढलेली पऱ्हाटी, दमट हवा, एकाहून अधिक औषधांची एकत्र मिश्रणे, संरक्षक साधनांचा अभाव अशी अनेक कारणे त्या वेळी पुढे आली. त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीचाही मोठा प्रादुर्भाव विदर्भात झाला होता. औषध कोणते, किती, कशात मिसळावे, ही माहिती शेतकऱ्याला त्याच्या भाषेत आणि विश्वासाच्या ठिकाणाहून मिळणे किती आवश्यक आहे, हे त्या हंगामाने दाखवून दिले.

आता अशा विषयावरचे पान चॅटबॉटकडून लिहून घेतले, असे समजू. औषधाचे प्रमाण ‘प्रति लिटर’ आणि ‘प्रति १० लिटर’ यांत एका शून्याचे अंतर आहे. शब्दसंभवाच्या गणिताने चालणाऱ्या यंत्राला ही दोन्ही वाक्ये सारखीच स्वाभाविक. दोन्हींचे व्याकरण निर्दोष असते. वाचकाला तरी ओघवत्या वाक्यातील चूक कशी जाणवावी? अडखळत लिहिलेल्या मजकुराविषयी आपण सावध असतो. सफाईदार मजकुरावर विश्वास ठेवतो. चॅटबॉटच्या लेखनातील मुख्य धोका हाच आहे.

या धोक्याला अलीकडे आणखी एक पैलू प्राप्त झाला आहे. शोधयंत्रे आता पानांची यादी देऊन थांबत नाहीत. अनेक पाने वाचून ती स्वतःच संक्षिप्त उत्तर देऊ लागली आहेत. राज्याच्या कृषी विभागाने २०२५ साली आणलेल्या ‘महाविस्तार’ या ॲपमध्येही मराठीतून प्रश्नोत्तरे करणारा चॅटबॉट आहे. तेव्हा आपण लिहिलेले पान यापुढे मनुष्याइतकेच यंत्रही वाचणार आहे. यंत्राकडून न तपासता लिहून घेतलेली चूक दुसऱ्या यंत्राच्या उत्तरात शिरू शकते, आणि तेथे ती कोणी लिहिली हे कोणालाच सांगता येणार नाही.

४. कार्यपद्धती

म्हणून चॅटबॉट टाकून द्यावा, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. यंत्राने लिहिले एवढ्याच कारणाने पान मागे टाकले जात नाही. मजकुराची गुणवत्ता पाहिली जाते, असे गूगलने फेब्रुवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. क्रमवारी फुगविण्यासाठी घाऊक प्रमाणात पाने निर्माण करणे मात्र मार्च २०२४ च्या धोरणाने निषिद्ध ठरविले. नियम असा असल्यामुळे कामाची विभागणी नीट करणे एवढाच प्रश्न उरतो. त्यासाठी पुढील क्रम सुचवावासा वाटतो.

प्रथम प्रश्न गोळा करावेत. कृषी सेवा केंद्रात, बाजार समितीत, वावराच्या धुऱ्यावर लोक जे विचारतात ते त्यांच्याच शब्दांत, उच्चारासह टिपून घ्यावे. हे काम यंत्राचे नव्हे; ते भाषेच्या अभ्यासकाचे आहे.

दुसऱ्या टप्प्यावर वस्तुस्थिती निश्चित करावी. औषधाची बाटली, तिच्यावरील त्रिकोणाचा रंग, सोबतचे माहितीपत्रक आणि कृषी विद्यापीठाची शिफारस ही मूळ साधने होत. लाल त्रिकोण अतितीव्र विषाचा, त्याखालोखाल पिवळा, निळा व हिरवा, हा क्रम पानात अवश्य द्यावा. आकडे हाताने लिहावेत आणि दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घ्यावेत.

यानंतर चॅटबॉटला हाती घ्यावे. गोळा केलेले प्रश्न विषयवार लावणे, लांब मजकूर आटोपशीर करणे, मथळ्यांचे पाच-सहा पर्याय सुचविणे, एखाद्या शब्दाची सामान्यरूपे व लेखनभेद मांडणे, ही कामे तो झपाट्याने करतो. त्याला केवळ विषय न देता आपण जमविलेली माहिती व शब्द द्यावेत, आणि त्यांबाहेरचे काही घालू नये असे बजावावे. तो तरीही घालू शकतो. म्हणून प्रत्येक आकडा पुन्हा मूळ साधनाशी ताडून पाहावा.

अखेरीस बोलीचे शब्द योग्य जागी बसवावेत. ‘डवरणी (कोळपणी)’ अशी जोडी मथळ्यात किंवा पहिल्या परिच्छेदात एकदा आली, तर यवतमाळचा वाचक आणि साताऱ्याचा वाचक दोघेही त्या पानापर्यंत पोहोचतात. त्यापुढे तोच शब्द वाक्यावाक्यांत कोंबण्याचे कारण नाही. त्याने वाचकही कंटाळतो आणि शोधयंत्रही संशय घेते. पानाच्या तळाशी लिहिणाऱ्याचे, तपासणाऱ्याचे नाव आणि दिनांक द्यावा. औषधांच्या शिफारशी बदलत असतात.

या क्रमातील पहिले व शेवटचे काम भाषाविभागांना सहज हाती घेण्यासारखे आहे. वणी, पुसद, दारव्हा, केळापूर अशा तालुक्यांतून येणारे विद्यार्थी आपापल्या गावचे शेतीविषयक शब्द अर्थासह, युनिकोडमध्ये व एकाच लेखनपद्धतीने नोंदवू लागले, तर दोन-तीन हंगामांत जिल्ह्याचा एक उपयुक्त शब्दसंग्रह सिद्ध होईल. तो सर्वांना खुला ठेवला तर शोधयंत्रे त्याची सूची करतील आणि पुढील चॅटबॉट तो वाचतील. यंत्राची सरासरी ज्या मजकुरातून निघते त्यात वऱ्हाडीची भर घालण्याचा याहून सरळ मार्ग आज तरी दिसत नाही.