चिनी वैद्यकातील आंबट चव

चिंच नुसती डोळ्यांपुढे आणली तरी तोंडाला पाणी सुटते. चीनमध्ये हे काम जर्दाळूच्या जातकुळीतले ‘मेइ’ नावाचे फळ करते. सेनापती त्साव त्साव याने तहानलेल्या सैनिकांना ‘पुढे मेइची बाग आहे’ अशी थाप मारून चालते ठेवले, अशी कथा पाचव्या शतकातील एका ग्रंथात आहे.

हेच फळ धुरावर वाळवून काळे केले की ‘वू-मेइ’ हे औषध होते. जुना खोकला व न थांबणारे जुलाब यांवर ते देतात. इ. स. २००च्या सुमारास जांग जोंगजिंग या वैद्याने जंतांवर जी गोळी सांगितली, तिच्यातही वू-मेइच मुख्य. आंबटाने जंत गप्प होतो, अशी समजूत!

‘हुआंगदी नेइजिंग’ या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात चवी पाच: आंबट, कडू, गोड, तिखट, खारट. आंबटाचे नाते काष्ठतत्त्वाशी, वसंताशी आणि यकृताशी. (हे ‘यकृत’ म्हणजे शवविच्छेदनात दिसणारा अवयवच, असे मात्र समजू नये.) तिखट बाहेर उधळते, तर आंबट आवळून धरते, घाम, जुलाब, जे वाहून जाते ते थोपवते. आपल्या आयुर्वेदात रस सहा आणि आवळण्याचे काम तुरट रसाचे. अम्ल रस भूक वाढवतो, वायूला वाट करून देतो. चिन्यांनी तुरटाला आंबटाच्याच घरात घेतले. त्यामुळे दोन्हीकडचे ‘आंबट’ एकच मानून तुलना करणारा फसतो.

गंमत अशी की, झोपेसाठी दिले जाणारे रानबोराच्या बियांतील मगज जिभेला फारसे आंबट लागतच नाही, तरी चिनी ग्रंथांत त्याची नोंद गोड-आंबट अशी आहे. म्हणजे चव काही वेळा जिभेवरून नव्हे, गुणावरून ठरलेली दिसते. प्रयोगशाळेच्या कसोटीला हे कसे उतरावे?

या चवीला धोकाही आहे. सर्दी-ताप नुकताच अंगात शिरला असेल, तर वैद्य आधी घाम काढतात. तेव्हा आंबट औषध देणे म्हणजे चोर घरात असताना दाराला कडी घालणे, असे चिनी वैद्य मानतात. निरोगी माणसाला मात्र मुभा आहे. बेजिंगमध्ये उन्हाळ्यात वू-मेइ उकळून, साखर घालून केलेले गार सरबत लोक आजही आपल्या पन्ह्यासारखे आवडीने पितात.