जुनी, पण चालती आज्ञावली

आपल्या गोंदिया जिल्ह्यात राईस मिल पाहिली नाही असा विद्यार्थी विरळाच. मिलचा पट्टा झिजतो, चाळणी फाटते, म्हणून ती बदलावी लागते. संगणकाची आज्ञावली मात्र झिजत नाही. हजार वेळा चालवा, तिचे एक अक्षरही पुसट होत नाही. मग "फार जुनी झाली" म्हणून ती भांडारातून काढून का टाकतात?

आधी भांडार म्हणजे काय ते पाहू. डेबियन ही संगणकप्रणाली १९९३ पासून स्वयंसेवक चालवतात. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तिच्या तेराव्या आवृत्तीत सुमारे ७०,००० पॅकेजे आहेत, सर्व विनामूल्य. एक आज्ञा दिली की हवे ते पॅकेज येते, आणि ते ज्यांच्यावर अवलंबून आहे ती पॅकेजेही मागोमाग येतात. हे अवलंबून असणेच पुढच्या सगळ्या भानगडीचे मूळ आहे.

आपल्या लिपीचेच उदाहरण घ्या. १९९१ साली नेदरलँड्समधील फ्रान्स वेल्थुइस यांनी टेक्स या अक्षरजुळणीच्या आज्ञावलीसाठी देवनागरीचे पॅकेज तयार केले. रोमन कळा दाबायच्या, 'ठ' हवा तर टिंब, टी आणि एच, की छापील पानावर सुबक देवनागरी! अक्षरांची मुंबई आणि कलकत्ता अशी दोन्ही वळणे त्यात आहेत. पुढे युनिकोड रुळले, थेट देवनागरीत टंकन होऊ लागले, आणि नव्या माणसाला या पॅकेजची गरज उरली नाही. तरी ते टेक्सच्या भांडारात आहे, आणि चालते. ज्यांची जुनी हस्तलिखिते त्या पद्धतीने टंकलेली आहेत, त्यांना ती पुन्हा छापण्याचा तोच सरळ मार्ग आहे.

ते टिकले कसे? त्याचा पाया हलला नाही म्हणून. त्याचा एक भाग सी भाषेत आहे, दुसरा टेक्सवर उभा आहे. टेक्सचे कर्ते डोनाल्ड नूथ यांनी तर नवे काही घालायचे नाही, फक्त चुका दुरुस्त करायच्या असे ठरवले. दर दुरुस्तीला आवृत्तीच्या क्रमांकात पायचा एक अंक वाढतो. २०२१ साली तो ३.१४१५९२६५३ झाला.

सर्वांचे नशीब असे नसते. पायथॉन भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत ७ भागिले २ लिहिले की उत्तर ३ येई, कारण पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच ठेवायचा असा नियम होता. तिसऱ्या आवृत्तीत उत्तर ३.५ येते. ओळ तीच, उत्तर वेगळे! १ जानेवारी २०२० पासून दुसऱ्या आवृत्तीची देखभाल थांबली आणि २०२३ च्या डेबियनमधून ती गेली. तिच्यावर उभ्या असलेल्या ज्या पॅकेजांना कोणी नव्या भाषेत नेले नाही, तीही गेली. त्यांच्यात स्वतःचा दोष काही नव्हता.

शिवाय जुन्या आज्ञावलीत सुरक्षेचे एखादे छिद्र सापडले, तर ते बुजवायला माणूस लागतो. तो नसेल तर चालती आज्ञावलीही धोक्याची.

माझे मत विचाराल तर वय ही कसोटीच नव्हे. पेरणीपूर्वी शेतकरी ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून किती उगवतात ते पाहतो. तसे जुने पॅकेज मूळ मजकुरापासून आजच्या साधनांनी पुन्हा बांधून पाहावे. बांधले गेले, आणि तक्रारीला उत्तर देणारा कोणी असला, तर खुशाल ठेवावे. नाहीतर चालू फळीवरून काढावे, पण कोठारात जपावे. डेबियनने २००५ पासूनच्या आवृत्त्या अशाच निराळ्या साठवल्या आहेत.

एक गाठ मात्र सहज सुटत नाही. अनेक जुन्या आज्ञावली १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजतात. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. ती १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरेल, आणि पुढच्याच सेकंदाला त्या आज्ञावली १९०१ चा डिसेंबर दाखवतील. म्हणून डेबियनने तेराव्या आवृत्तीत हे मोजमाप ६४ बिटांचे केले. फक्त इंटेलच्या जुन्या ३२ बिटी यंत्रांचा प्रकार मुद्दाम तसाच ठेवला, कारण तो बदलला असता तर त्यावरच्या जुन्या, चालत्या आज्ञावली त्याच दिवशी बंद पडल्या असत्या. त्या आज चालतात, २०३८ पर्यंत.